द्राक्षासवाच्या भुयारातील तालवाद्ये

आपल्याकडे लेणी म्हटली की चैत्यगृहे, विहार आणि देवतांच्या मूर्ती डोळ्यांपुढे येतात. द्राक्षासवाची पिंपे कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. परंतु अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, सोनोमा आणि नापा अशी दोन खोरी आहेत; तेथील डोंगरांच्या पोटात खोदलेली भुयारे केवळ या पिंपांसाठीच आहेत. ओक लाकडाच्या पिंपांच्या रांगा, मिणमिणते दिवे, ओलसर भिंती आणि बारमाही गारवा असे त्यांचे रूप असते. गेल्या काही दशकांत या भुयारांतून संगीताच्या बैठकाही होऊ लागल्या. त्यांतही ज्या बैठकीत तंतुवाद्य नाही, गळा नाही, केवळ ढोल, झांजा, घंटा आणि लाकडी ठोकळे यांचेच वादन आहे, अशा बैठकीची हकीकत वाचली म्हणजे प्रथमदर्शनी तो धनिकांचा एक लहरी छंद वाटतो. आम्हांस मात्र या प्रकाराच्या मुळाशी जाण्याची इच्छा झाली, आणि शोध घेता असे आढळले की भुयार आणि तालवाद्यवृंद या दोन्ही गोष्टींचा उगम शोधीत गेल्यास वाट एकाच समाजापाशी येते. तो समाज बैठकीत यजमान म्हणून क्वचितच दिसतो. त्याची कथा येथे सांगावयाची आहे. मद्यपानाविषयी वाचकांची मते काहीही असोत, कथेला त्यांची अडचण होणार नाही.

प्रथम गुहा आणि नाद यांच्या नात्याविषयी थोडेसे. हे नाते पाश्चात्त्यांनी शोधून काढलेले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यमंडपाचे वर्णन करताना तो शैलगुहाकार, म्हणजे डोंगरातील गुहेच्या आकाराचा असावा, त्याचे झरोके लहान असावेत, आत वारा नसावा, म्हणजे कुतपाचा, अर्थात वाद्यवृंदाचा, नाद गंभीर उमटतो, असे स्पष्ट सांगितले आहे. त्याच ग्रंथात पुष्कर या अवनद्ध वाद्याच्या जन्माची कथा आहे. स्वाती नावाचा मुनी पाणी आणण्यासाठी सरोवरावर गेला असता पाऊस सुरू झाला; लहान, मध्यम आणि मोठ्या कमलपत्रांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे आवाज त्याने ऐकले आणि आश्रमात परतून त्या आवाजांची वाद्ये घडविली. चर्मवाद्यांविषयी इतकी सुंदर उत्पत्तिकथा अन्य कोणत्या देशात असल्यास आमच्या वाचनात ती आलेली नाही. आमच्या वाचकांपैकी ज्यांची नेमणूक छत्तीसगढच्या बाजूस झाली असेल त्यांनी सरगुजातील रामगढ टेकडीवरील सीताबेंगा गुहा पाहिली असेल. तेथील पायऱ्यांसारख्या बैठकींवरून ती प्राचीन प्रेक्षागृह असावी असे मत पुरातत्त्वज्ञ ब्लॉख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडले होते. पुण्याजवळील भाजे लेण्यात तालवाद्य वाजविणारी स्त्री आणि तिच्या तालावर नाचणारी दुसरी स्त्री कोरलेली आहे, हे तर आपणांस परिचितच आहे.

गुहेत ताल वाजविणे मात्र वाटते तितके सोपे नाही. भुयारातील हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने जातो. भुयार ५० मीटर लांब असेल तर तोंडाशी बसलेल्या वादकाची थाप शेवटच्या भिंतीवर आपटून परत येण्यास सुमारे ०.३ सेकंद लागतात. मिनिटाला २०० मात्रांच्या द्रुत लयीत एका मात्रेचा काळही तितकाच असतो. म्हणजे वादक पुढची थाप देतो न देतो तोच मागची थाप त्याच्या कानांवर येऊन आदळते. विजापूरच्या गोल घुमटात ज्यांनी एकदा तरी टाळी वाजविली आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. अशा ठिकाणी तबल्याचा कायदा दुप्पट लयीत नेला तर बोल एकमेकांत मिसळून त्यांचा नुसता कल्लोळ होईल. आणि आपल्या गणेशोत्सवातील ढोलताशांचे पथक तेथे नेल्यास श्रोत्यांची काय अवस्था होईल याची कल्पनाच केलेली बरी. याउलट ज्या वाद्याचा नाद मुळातच लांबतो, जसे काशाचे तास, झांज, मोठी घंटा, त्याला भुयार अनुकूल पडते. नाद हळूहळू विरत जातो, त्याच्या पोटातील सूक्ष्म स्वर एकेक करून कानांस लागतात. म्हणूनच अशा बैठकींत धातूच्या घनवाद्यांना मानाचे स्थान मिळते, आणि त्या वाद्यांत चिनी व जपानी बनावटीची वाद्ये बरीच असतात. आता ही वाद्ये तेथे आली कशी आणि भुयारे खोदली कोणी, याकडे वळू.

आगोश्तोन हरास्ती नावाचा एक हंगेरियन गृहस्थ १८५७ मध्ये सोनोमा येथे स्थायिक झाला आणि त्याने ब्युएना व्हिस्टा नावाचा द्राक्षमळा वसविला. हा मनुष्य मोठा खटपट्या होता. १८६१ मध्ये राज्याचा प्रतिनिधी म्हणून तो युरोपात गेला आणि तेथील नामांकित जातींची सुमारे १ लाख कलमे घेऊन परतला. परंतु खर्चाची भरपाई मागितली तेव्हा विधिमंडळाने ती देण्याचे साफ नाकारले. प्रवासभत्त्याची बिले अडणे ही काही आपल्याच देशाची वा आपल्याच काळाची मिरास नव्हे! पुढे तो निकाराग्वात गेला आणि १८६९ मध्ये तेथे नाहीसा झाला. नदी ओलांडताना मगरीने ओढून नेले असे त्याच्याविषयी सांगतात. या हरास्तीने सोनोमाच्या टेकडीत भुयारे खोदविली. खोदणारे मजूर चिनी होते, आणि ते हो पो नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी कंत्राटदारामार्फत आणलेले होते. शेजारच्या नापा खोऱ्यात जेकब श्रॅम या मूळच्या जर्मन न्हाव्याने १८६२ मध्ये डोंगर उतारावर जमीन घेतली आणि १८७० च्या सुमारास तेथे भुयारे खणविली. तीही चिनी मजुरांकडूनच. इंग्रज वाचकांचा आवडता लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८० मध्ये या श्रॅमच्या घरी पाहुणा आला होता आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याने तेथील तळघरांचा उल्लेख केला आहे. १८७६ मध्ये बेरिंजर बंधूंनी सेंट हेलेना येथे कारखाना काढला. त्यांची भुयारेही त्याच हातांनी खोदली.

खडक ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापेक्षा पुष्कळच मऊ होता. तरी तो टिकाव, कुदळ आणि पहार यांनी फोडून, टोपल्यांनी व हातगाड्यांनी बाहेर काढून शेकडो फूट लांबीची भुयारे तयार करणे म्हणजे केवढे काम हे सांगणे न लगे. या खटाटोपाचा हेतू मात्र अगदी व्यावहारिक होता. डोंगराच्या पोटात वर्षभर सुमारे १३ ते १५ अंश सेल्सिअस तपमान राहते आणि हवेत ओलावा भरपूर असतो. लाकडी पिंपातून द्रव सारखा उडून जात असतो. बाहेरच्या कोरड्या कोठारात ही तूट मोठी, भुयारात ती अगदी थोडी. बर्फ नाही, यंत्र नाही, इंधन नाही, आणि माल थंड राहतो. एकदाच मजुरी द्यावी आणि शंभर वर्षे गारवा भोगावा, असा हा हिशेब होता.

हे चिनी मजूर आले कोठून? बहुतेक सगळे दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातील. १८४९ च्या सुमारास सोन्याच्या शोधात पहिली लाट आली. मग सेंट्रल पॅसिफिक रेल्वेने सिएरा नेवाडा पर्वतातून लोहमार्ग नेण्यासाठी १० हजारांहून अधिक चिनी मजूर कामाला लावले. ग्रॅनाइटच्या कड्यातून बोगदे पाडणे हे त्यांचे मुख्य काम. १० मे १८६९ रोजी तो मार्ग पुरा झाला आणि हजारो हात एकाएकी रिकामे पडले. बोगदे खणण्याचा ज्यांना सराव झाला होता त्यांतील काही द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांकडे वळले, यात नवल ते काय? द्राक्षवेलींची लागवड, छाटणी, तोडणी, पिंपे भरणे ही सारी कामे त्यांच्याकडे आली.

पुढचा भाग सरकारी कागदांचा आहे, आणि अशा कागदांत ज्यांचे आयुष्य जाते त्यांना तो अधिक लवकर समजेल. ६ मे १८८२ रोजी राष्ट्राध्यक्ष आर्थर यांची सही होऊन एक कायदा अमलात आला. त्याने चिनी मजुरांना, मग ते कुशल असोत की अकुशल, दहा वर्षे अमेरिकेत येण्यास मनाई केली आणि कोणाही चिनी माणसास नागरिकत्व देण्याचा मार्ग बंद केला. एका देशाच्या लोकांना नावानिशी वगळणारा असा व्यापक कायदा अमेरिकेत तोवर झाला नव्हता. जे आधीपासून राहत होते त्यांना मायदेशी जाऊन परत यावयाचे असल्यास जाण्यापूर्वी दाखला घ्यावा, अशी तरतूद होती. कागदावर ती न्याय्य दिसते. मग १ ऑक्टोबर १८८८ रोजी स्कॉट कायदा आला, आणि त्याने ते सारे दाखले एका रात्रीत रद्द केले. त्या वेळी असे सुमारे २० हजार दाखले बाहेर होते.

चे चान पिंग नावाचा मजूर १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. जून १८८७ मध्ये रीतसर दाखला घेऊन तो घरी गेला. वर्षाहून अधिक काळाने परत निघाला तेव्हा दाखला वैध होता; जहाज समुद्रात असता कायदा बदलला; आणि कायद्यानंतर एका आठवड्याने तो सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात पोहोचला तो दाखल्याचा निव्वळ कागद झाला होता. त्याला उतरू दिले नाही. तो न्यायालयात गेला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १८८९ मध्ये हरला. देशात कोणास येऊ द्यावे हा सरकारचा सार्वभौम अधिकार आहे, पूर्वी दिलेला परवाना सरकार केव्हाही मागे घेऊ शकते, असा तो निर्णय होता. रजा मंजूर करून घेऊन गावी गेलेल्या माणसाने परत यावे आणि त्याच्या गैरहजेरीत तो ज्या नियमाखाली गेला तो नियमच नाहीसा झालेला असावा, ही गोष्ट घरापासून दूर नोकरी करणाऱ्या कोणालाही क्षणभर थांबवील. कायद्याचा अभ्यास करणारे आजही या निर्णयाचा उल्लेख करतात. त्या माणसाचे पुढे काय झाले याकडे सहसा कोणी वळत नाही. त्याला परत चीनला धाडण्यात आले.

१८९२ मध्ये ही बंदी आणखी दहा वर्षांनी वाढली आणि प्रत्येक चिनी मजुराने वास्तव्याचा दाखला जवळ बाळगलाच पाहिजे असा नियम झाला. १९०२ मध्ये मुदतच काढून टाकण्यात आली. परिणाम शिरगणतीत दिसतो. १८९० मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ७ हजार चिनी होते. १९२० मध्ये ते सुमारे ६१ हजार उरले. नापा व सोनोमाच्या मळ्यांतून ते हळूहळू दिसेनासे झाले. १९०६ च्या भूकंपात ब्युएना व्हिस्टाची भुयारे कोसळली; त्याच भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदींचे दप्तर जळाले, आणि नोंदच नाही तेव्हा आपला जन्म येथलाच असे सांगण्याची सोय अनेक चिन्यांना झाली. त्यांच्या नावावर कागदोपत्री मुलगे म्हणून कितीतरी तरुण पुढे त्या देशात आले. दप्तर जळाल्याने कोणाचे भले झाल्याचे हे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल. हिंदी लोकांचाही अनुभव फारसा निराळा नव्हता: १९१७ च्या कायद्याने त्यांना प्रवेश बंद झाला आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात त्यांना नागरिकत्वास अपात्र ठरविण्यात आले.

मजूर हटविता आले, तरी त्यांचे संगीत मात्र राहिले. कँटन पद्धतीच्या चिनी नाटकमंडळीने सॅन फ्रान्सिस्कोत पहिला प्रयोग १८५२ मध्येच केला होता. या नाटकात तालवाद्यांचे स्थान मोठे. पात्राचा प्रवेश, त्याचा राग, तलवारीचा हात, नुसती मान वळविणे, सगळे काही झांजा, तास आणि लाकडी ठोकळे यांच्या आघातांनी बांधलेले असते. आपल्या दशावताराच्या प्रयोगात झांज आणि पखवाज जे काम करतात त्याच्याशी याचे नाते सहज ध्यानात येईल. गोऱ्या वृत्तपत्रकारांनी त्या काळी या संगीताची गोंगाट म्हणून यथेच्छ टवाळी केली. पुढे १९२० नंतरच्या दशकात शहराच्या चिनी वस्तीत नवी नाटकगृहे उभी राहिली आणि तेथे रोज रात्री प्रयोग होऊ लागले.

या प्रयोगांना येणाऱ्यांत काही थोडे गोरे तरुणही होते. हेन्री कॉवेल हा त्यांतील वडीलधारा. १८९७ मध्ये जन्मलेल्या या संगीतकाराचे बालपण सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात गेले. चिनी आणि जपानी शेजाऱ्यांची गाणी त्याने लहानपणी ऐकली होती, व युरोपचे संगीत हे जगातील अनेक संगीतांपैकी एक होय असे तो ठामपणे सांगे. १९३५ च्या सुमारास त्याने जगातील लोकांच्या संगीतावर सॅन फ्रान्सिस्कोत वर्ग घेतले, आणि लू हॅरिसन हा तरुण तेथे त्याचा विद्यार्थी झाला. १९३८ मध्ये कॉवेलच्याच सांगण्यावरून लॉस एंजेलिसचा जॉन केज हॅरिसनला येऊन भेटला. पुढील तीन वर्षांत या दोघांनी पाश्चात्त्य संगीतात एक नवीन गोष्ट रूढ केली: केवळ तालवाद्यांचा वृंद आणि केवळ त्याचीच मैफल.

अर्थात हा प्रकार सर्वस्वी प्रथम त्यांनीच केला असे नव्हे. एदगार व्हरेझ या फ्रेंच संगीतकाराची तेरा वादकांसाठी लिहिलेली आयोनिझासिओं ही रचना १९३३ मध्ये न्यूयॉर्कला सादर झाली होती. पण व्हरेझच्या वृंदाला लागणारी वाद्ये महाग. आणि केज व हॅरिसन यांच्या खिशात पैसे नव्हते. त्यांनी दोन ठिकाणे गाठली. एक मोटारींचा भंगारबाजार: तेथून ब्रेकचे जुने ड्रम आणले, ते लोंबते टांगून ठोकले म्हणजे घंटेसारखे वाजतात. दुसरे सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वस्तीची दुकाने: तेथून तास, झांजा, लाकडी ठोकळे, चिनी ढोल घेतले. फुलझाडांच्या कुंड्या आणि कॉफीचे डबेही त्यांच्या वृंदात होते. ओकलंडच्या मिल्स कॉलेजात १९३९ व १९४० च्या उन्हाळ्यात त्यांच्या मैफली झाल्या. मे १९४१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोघांनी मिळून रचलेले डबल म्युझिक वाजविले गेले. चार वादकांच्या या रचनेत दोन वादकांचे भाग केजने आणि दोघांचे हॅरिसनने लिहिले. एकूण २०० मापांची लांबी आधी ठरविली आणि मग एकमेकांना न विचारता दोघांनी आपापले भाग पुरे केले. म्हशीच्या गळ्यातील घंटा, ब्रेकचे ड्रम, जपानी मंदिरातील वाट्या, चिनी तास, पाण्यात बुडवून वाजविलेला तास, असा तो थाट. तालाचे आवर्तन आधी बांधून घेऊन आत स्वतंत्रपणे विहार करण्याची ही रीत आपल्या श्रोत्यास मुळीच परकी वाटणार नाही.

७ फेब्रुवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात केजने तालवाद्यांची मैफल केली. कॉवेलची ऑस्टिनाटो पिआनिस्सिमो, हॅरिसनच्या रचना आणि केजच्या स्वतःच्या रचना तीत होत्या. कॉवेलच्या रचनेत भाताचे आठ वाडगे काठ्यांनी वाजवायचे असतात. पाण्याविना जलतरंगच म्हणा ना. या मैफलीची चर्चा झाली, सचित्र साप्ताहिकात छायाचित्रे आली, आणि तालवाद्यवृंद हा थट्टेचा विषय राहिला नाही. आता तारखेकडे पाहावे. ज्या दिवशी त्या व्यासपीठावर चिनी तास वाजत होते त्या दिवशी १८८२ चा चिनी बंदीचा कायदा अमलात होता. तो रद्द झाला १७ डिसेंबर १९४३ रोजी, म्हणजे त्यानंतर दहा महिन्यांनी. आणि तोही महायुद्धात चीन मित्रराष्ट्र झाले म्हणून. रद्द झाल्यावर चिन्यांना जो प्रवेश मिळाला त्याची संख्या होती वर्षाला १०५. तासाला प्रवेश होता, तास घडविणाऱ्याला नव्हता. यात केज वा हॅरिसन यांचा दोष आम्ही मानीत नाही. हॅरिसनने तर आशियाई संगीताचे ऋण आयुष्यभर उघडपणे सांगितले, कोरियात आणि तैवानात जाऊन शिष्य म्हणून तो शिकला. परंतु एखाद्या समाजाची कला आत घेणे आणि त्या समाजाला आत घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, व पहिली झाली की दुसरी आपोआप होते असा जो भाबडा समज कलारसिकांत आढळतो, त्याला या दोन तारखा पुरेसे उत्तर देतात.

हिंदुस्थानचा संबंध या कथेत नंतर येतो, पण तो लहान नाही. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई यांनी न्यूयॉर्कमध्ये केजला हिंदी संगीताचे पाठ दिले आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य रचनाशास्त्र समजून घेतले; नवरसांची कल्पना त्यानंतर केजच्या रचनांत डोकावते. कॉवेल १९५६-५७ च्या जगप्रवासात मद्रासला राहिला, आणि त्याच्या तेराव्या सिंफनीला त्याने मद्रासचेच नाव दिले. तीत तबला आणि जलतरंग यांची योजना आहे. पुढे १९६७ मध्ये उस्ताद अली अकबर खाँ यांनी बर्कले येथे संगीत महाविद्यालय काढले, ते पुढच्याच वर्षी मरीन परगण्यात गेले. हा परगणा सोनोमाला लागूनच आहे. मुंबईच्या माहीममध्ये वाढलेले झाकिर हुसेन १९७० मध्ये अमेरिकेस गेले आणि या महाविद्यालयात तबला शिकवू लागले. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या तालवाद्यवृंदात मिकी हार्ट हा अमेरिकन ढोलवादक सामील झाला, आणि १९७६ मध्ये दिगा या नावाने त्या वृंदाची ध्वनिमुद्रिका निघाली. वृंदाचे आरंभीचे नाव तालवाद्य असेच होते, हे वाचून कोणा मराठी माणसास बरे वाटणार नाही? १९९१ मध्ये हार्ट, झाकिर हुसेन, घटमवादक विक्कू विनायकराम आणि इतर देशांतील वादक यांची प्लॅनेट ड्रम ही ध्वनिमुद्रिका आली. जागतिक संगीतासाठी नव्याने सुरू झालेले ग्रॅमी पारितोषिक प्रथम तिलाच मिळाले. झाकिर हुसेन यांचे वास्तव्य अखेरपर्यंत मरीन परगण्यातच होते. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे निधन झाले.

भुयारांचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. द्राक्षवेलींवरील कीड आणि मग १९२० ते १९३३ ची दारूबंदी यांनी बहुतेक जुने कारखाने बसले. श्रॅमचा ओसाड पडलेला मळा १९६५ मध्ये एका तरुण दांपत्याने विकत घेतला आणि भुयारे साफ करून तेथे फेसाळ द्राक्षासव बनविण्यास आरंभ केला. फेब्रुवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेले तेव्हा पेकिंगच्या मेजवानीत चौ एन-लाय यांच्याबरोबर शुभेच्छेचे पेले उंचावण्यासाठी अमेरिकेहून जे द्राक्षासव नेले होते ते याच श्रॅम्सबर्गचे. क्वांगतुंगच्या मजुरांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या कारखान्यासाठी डोंगर फोडला त्याचा माल अशा रीतीने चीनच्या राजधानीत पोहोचला. त्या मेजवानीत कोणी त्या मजुरांची आठवण काढल्याचे आमच्या वाचनात नाही. अमेरिकेच्या सेनेटने २०११ मध्ये आणि प्रतिनिधिगृहाने २०१२ मध्ये बंदीच्या कायद्यांबद्दल खेद व्यक्त करणारे ठराव केले.

१९८० नंतर नापात भुयारांचा हंगामच सुरू झाला. आता खाणीतील दात्यांची यंत्रे खडक कोरतात, आणि भिंतीवर दाबाने सिमेंट-काँक्रीट फवारून ती गुळगुळीत करतात. जागा पुष्कळ, गारवा आयता, आणि शहराकडील प्रवासी येण्यास उत्सुक. तेव्हा पिंपांच्या जोडीला भोजने आणि संगीत आले. क्लो पेगास या कारखान्याने तर भुयारातच नाट्यगृह केले. नाशिकच्या द्राक्षमळ्यांतही २००८ पासून संगीताचा उत्सव होऊ लागला. तो मात्र उघड्या आकाशाखाली, आणि नाशिकची हवा पाहता तेच योग्य.

नव्या आणि जुन्या भुयारांतील नादात एक फरक असतो. सपाट, कठीण भिंत ध्वनीला आरशासारखी परत पाठविते, त्यामुळे झांजेचा आघात तीक्ष्ण होऊन कानाला टोचतो. वादकांना मग पडदे लावावे लागतात किंवा पिंपांच्या रांगा मध्ये घ्याव्या लागतात. जुन्या भुयारांच्या भिंती उघड्या खडकाच्या आहेत. श्रॅम्सबर्ग येथे टिकावाचे घाव त्यांवर अजून दिसतात, आणि त्यांवर शेवाळ्यासारखी दगडफुले वाढली आहेत. अशा खडबडीत भिंतीवर वरच्या पट्टीतील ध्वनी चारी दिशांना विखुरतो, आणि तासाचा नाद कोठून आला हे न कळता सर्व बाजूंनी हलकेच येऊन विरतो.